ढुंढिराजांचं सुतक

"या वेळी कोणाला मारायचं?" पोह्यांवर लिंबू पिळत नानांनी विचारलं.

आई ओट्याशी उभी होती. मागे न बघता ती म्हणाली, "लांबचा बघा. तो गणपतीतला फार जवळचा झाला."

"गणपतीतलाही लांबचाच होता. तुझ्या चिरंजीवांनी त्याला जवळ आणला." नानांनी माझ्याकडे बघितलं.

दिवाळी तोंडावर आली होती. नानांच्या डोक्यावर केस नव्हते, भुवयाही गेल्या होत्या, आणि पोह्यांवर कोथिंबीर नव्हती. तिन्ही गोष्टी चौगुले मॅडमच्या औषधोपचारामुळे. केसांबद्दल नाना कधी काही बोलले नाहीत. कोथिंबिरीबद्दल रोज बोलायचे.

"तंजावरचा एखादा?" मी सुचवलं.

"तंजावर नको. समोरच्या हळब्यांचा जावई मद्रासला असतो. चौकशीला जाईल."

"जबलपूर?"

"जबलपूर चालेल. आणि नाव या वेळी मी देतो. ढुंढिराज."

"ढुंढिराज? नाना, हे कोणाला पटणार?"

"पटेल. असलं नाव कोणी मुद्दाम बनवत नाही."

"बरं. काय करायचे हे ढुंढिराज?"

"काही नाही रे. साधा माणूस. बँकेत होता, निवृत्त झाला, गेला." नानांनी लिंबाची बी ताटलीच्या कडेला नीट ठेवली. "आणि याला सतार वाजवायला लावू नकोस."

आम्ही सज्जन माणसं होतो हे इथेच सांगून टाकतो, कारण एवढ्या बोलण्यावरून कोणाचा तसा समज होणार नाही.

सुरुवात गाठीने झाली होती. मानेच्या उजव्या बाजूला, कॉलरच्या जरा वर, सुपारीएवढी. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीबद्दल नानांचं मत नेहमीच चांगलं असे.

नाना बँकेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर त्यांनी होमिओपॅथीची पेटी घेतली आणि संध्याकाळी ओसरीवर बसून फुकट गोळ्या द्यायला लागले. आमचं गाव मिरज, म्हणजे गर्दीत दगड फेकला तर डॉक्टरलाच लागायचा. तरी नानांकडे रांग असे. नाना नाडी बघायचे नाहीत. ते फक्त विचारायचे. घाम कुठे येतो? पहाटे स्वप्नं कसली पडतात? आंबट आवडतं की गोड? लोक गोळ्यांसाठी येत नसत, या प्रश्नांसाठी येत. साठ-साठ वर्षांच्या संसारात त्यांना कोणी स्वप्नं विचारलेली नव्हती.

गाठीवर नानांनी स्वतःला तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली. संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. विजारी कंबरेशी चुण्या पाडून नेसल्यासारख्या दिसायला लागल्या. आणि जगाला घाम कुठे येतो हे विचारणाऱ्या माणसाने स्वतःच्या घामाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. ते आईला अभ्र्यांवरून कळलं.

"तुझ्या वडलांची उशी सकाळी पिळावी लागते," तिने मला फोनवर सांगितलं. "तू ये."

मी तेव्हा पुण्याला एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. मला लांब रजा द्यायला कोणाचीच हरकत नव्हती. विद्यार्थ्यांची तर नव्हतीच.

मानेवरची गाठ म्हटली की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. टीबी बरा होतो, हेही सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे गाठीचा तुकडा तपासायला गेला तेव्हा आई देव पाण्यात ठेवून बसली. नवऱ्याला क्षय व्हावा म्हणून संकष्टी धरणारी ती बहुधा पहिलीच बाई असेल.

देवाने ऐकलं नाही. लिम्फोमा निघाला.

चौगुले मॅडम नानांशीच बोलल्या, माझ्याशी नाही. हे मला तेव्हा जरा खटकलं होतं, आणि नानांना फार आवडलं होतं.

"दुखत नव्हती म्हणून थांबलो," नाना म्हणाले.

"दुखली असती तर मी कमी काळजी केली असती, नाना. ही गाठ दुखत नाही हीच तिची खोड. त्यातून ताप, रात्रीचा घाम आणि उतरलेलं वजन, तिन्ही बरोबर आलीत. मानेत आहे, काखेत आहे, छातीतही आहेत."

"म्हणजे शाखा उघडल्यात."

"उघडल्यात. पण तुमचा प्रकार भराभर वाढणारा आहे, आणि भराभर वाढणाऱ्याला औषधही जोरात लागू पडतं. बरा होऊ शकतो. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाहीये."

"किती टक्के?"

"शंभरातले साठ-पासष्ट पूर्ण बरे होतात."

"मी कितवा?"

मॅडम हसल्या नाहीत. "तो आकडा आमच्याकडे नसतो. तीनदा औषध दिलं की स्कॅन करू, तेव्हा थोडं कळेल."

मग त्यांनी नियम सांगितले. औषध सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी औषधानंतर आठवड्याभरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि मग हळूहळू वर येतात. त्या मधल्या दिवसांत दुसऱ्याची साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते.

"म्हणजे फौज रजेवर," नाना म्हणाले.

"सगळी. त्या दिवसांत घरात बाहेरचं माणूस नको. कच्चं काही नको. ताप आला तर तडक इकडे."

घरात बाहेरचं माणूस नको! मॅडम सांगलीच्या होत्या. सांगली काही परदेशात नाही. तरी त्या कुठल्या गल्लीत राहत होत्या हे विचारावंसं मला वाटलं.

पहिलं औषध झालं. ते सलाईनमधून चढायचं आणि त्यातलं एक लालभडक होतं, कोकम सरबतासारखं. घरी आल्यावर मी फाटकावर पाटी लावली. 'कृपया भेटायला येऊ नये.' अक्षर मी मुद्दाम मोठं काढलं होतं. संध्याकाळी पाटी का लावली हे विचारायला निम्मी गल्ली येऊन गेली.

समोरचे हळबेकाका तर थेट ओसरीवर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि नानांच्या गोळ्यांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक.

"वहिनी, ती पाटी दुसऱ्यांसाठी ना?" त्यांनी आईला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली. "नाना, सर्दीनं जीव नकोसा झालाय बघा. काय देता?"

आई 'अहो' म्हणेपर्यंत नानांनी पेटी उघडली होती. "पहाटे स्वप्नं कसली पडतात, हळबे?"

"पाण्याची," हळबेकाका म्हणाले आणि शिंकले.

दोन दिवसांनी नानांना एकशे तीन ताप चढला. ते आठवडाभर दवाखान्यात होते. त्यांतले पहिले काही दिवस चौगुले मॅडम आमच्याशी फार कमी बोलल्या. आई बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची, एस.टी.ची वाट बघितल्यासारखी. ताप उतरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या वेळी सुटलो. दर वेळी सुटू असं धरून चालू नका."

घरी आल्यावर आईने नानांची पेटी कपाटात वर टाकली. नाना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

"लोकांना खरं सांगून टाकू या का?" मी विचारलं.

"नुसती गाठ म्हटलं तर निम्मी गल्ली आली," नाना म्हणाले. "कॅन्सर म्हण, म्हणजे कुपवाडपासून माणसं येतील. प्रत्येकाचा एक मेव्हणा बरा झालेला असेल आणि एक गेलेला."

दुसरं औषध श्रावणात झालं. आणि नेमका इंदूरहून फोन आला. नानांचे चुलत चुलते माधवराव वारले. नानांनी त्यांना एकदाच, स्वतःच्या मुंजीत बघितलं होतं. पण भाऊबंद ते भाऊबंद, दहा दिवसांचं सुतक आलं. आईने फाटकापाशी दूधवाल्याला एवढंच सांगितलं, "पातेलं बाहेरच ठेव बाबा, सुतक आहे आमच्याकडे."

संध्याकाळपर्यंत गल्ली आमच्या घरासमोरून पलीकडच्या कडेने चालायला लागली.

आमच्या गल्लीत श्रावण म्हणजे घरटी काहीतरी असतं. कोणाची मंगळागौर, कोणाचा सत्यनारायण, कोणाचा नेम. हळबेकाकांनी पोथीचा सप्ताह धरला होता. सुतकातल्या घराची शिवाशिव त्यांना परवडणारी नव्हती. ते रस्त्याच्या पलीकडून, स्वतःच्या कट्ट्यावर उभे राहून ओरडायचे, "वहिनी, भाजी ठेवलीय हो फाटकाशी! नाना बरेयत ना?"

"बरेयत!" आई इकडून ओरडायची.

त्या दहा दिवसांत नानांच्या पेशी तळाला गेल्या आणि परत वर आल्या. आमच्या ओसरीवर कोणी शिंकलं नाही. माझ्या पाटीला जे जमलं नाही ते माधवरावांनी मरून करून दाखवलं.

सुतक फिटायच्या दिवशी आई डाळीतले खडे काढत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "अहो, तुमच्या घराण्यात अजून कोण कोण आहे?"

नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. माझ्याकडे बघितलं. आम्हा तिघांनाही प्रश्न कळला होता.

पण आमचं आठल्यांचं घराणं काटक निघालं. त्या पावसाळ्यात पुढे कोणी गेलं नाही.

"बार्शीच्या वसंतकाकांना मारू," मी म्हणालो. वसंतकाका नानांचे चुलत भाऊ. एका विहिरीवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"वसंता नको," नाना लगेच म्हणाले. "मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. वसंताचं मी वाढवणार नाही."

"जिवंत माणसाला मारायचंच नाही," आई म्हणाली. "ज्याला मारायचं तो आधीपासून नसलेला पाहिजे."

म्हणजे काम माझ्याकडे आलं. मी दिवाळी अंकांतून विनोदी लिहीत असे. नसलेली माणसं हा माझा जोडधंदाच होता. तिसऱ्या औषधाला मी ग्वाल्हेरचे बाबूराव आठल्ये जन्माला घातले आणि त्याच संध्याकाळी मारले. बाबूराव सतार वाजवत. तरुणपणी दृष्टी गेलेली. लग्न केलं नाही, पण धाकट्या भावाची पाच मुलं शिकवली. शेवटच्या दिवशी तंबोरा लावायला सांगितला आणि पहिल्या तारेवरच मान टाकली. हे मी रस्त्याच्या अलीकडून हळबेकाकांना ओरडून सांगितलं. ओरडून सांगताना माझाच आवाज भरून आला.

हळबेकाका कट्ट्यावर मटकन बसले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. रात्री त्यांच्या घरातून गीतेचा पंधरावा अध्याय ऐकू आला, बाबूरावांच्या आत्म्यासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलीकडून विचारलं, "मिरज म्हणजे सतारीचं गाव. एक छोटीशी शोकसभा घेऊ या का बाबूरावांसाठी?"

"बघ," नाना मला आत म्हणाले. "माणूस इतका चांगला मारू नये."

बाबूरावांमुळे त्या वर्षी आमच्या घरी गणपती बसला नाही. आईने ते फारसं बोलून दाखवलं नाही. पण रोज सकाळी ती देवघराचं दार लावून घ्यायची आणि पूजा करायची. घंटेच्या लोलकाला तिने हातरुमाल गुंडाळला होता. हाताने ती नेहमीसारखी घंटा हलवायची, आवाज येत नसे.

"सुतकात पूजा?" मी एकदा दाराआडून विचारलं.

"लोकांशी खोटं बोलतेय तेवढं पुरे. देवाला खरं सांगितलंय मी."

"काय म्हणाला?"

"जा, दूध बघ उतू जाईल."

तीन औषधांनंतर स्कॅन झाला. मानेतली गाठ गेली होती. काखेतली गेली होती. छातीतली एक होती.

"लहान झालीय," चौगुले मॅडम म्हणाल्या. "संपली नाही. औषध चालू ठेवू."

"ते साठ-पासष्टात बसतं का?" मी विचारलं. नानांनी विचारलं नव्हतं.

"आत्ताच सांगता येणार नाही."

परत येताना रिक्षात नानांनी माकडटोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, "मॅडम बोलताना खिडकीकडे बघत होत्या."

"उजेड होता तिकडे."

"हो. उजेड होता."

त्यानंतर घरात टक्केवारीचा विषय निघाला नाही. नाना पूर्वीसारखीच थट्टा करायचे. मी पितृपक्षात देवासचे एक आणि नवरात्रात झाशीचे एक असे दोन कोरडे, सतार न वाजवणारे आठल्ये मारले. गल्लीला आमच्या घराण्याची दया यायला लागली. "तुमच्याकडे यंदा काही खरं नाही हो," असं हळबेकाका म्हणाले. तसं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं.

आणि मग शेवटच्या औषधाला ढुंढिराज.

आईने ती बातमी फाटकातून दिली.

"कोण हे?" हळबेकाकांनी विचारलं.

"जबलपूरचे. बँकेत होते."

"बाकी?"

"बाकी काही नाही."

हळबेकाकांचा चेहरा पडला. पण ते मनाने चांगले. सुतकातल्या घरात दिवाळीची कढई चढत नाही, म्हणून त्यांनी फाटकाला चकल्यांची पिशवी अडकवली. त्यांचं बघून सगळ्यांनीच काही ना काही अडकवलं. नानांना बाहेरचं खायला बंदी होती. ते सगळं मी खाल्लं, औषधासारखं, वेळच्या वेळी.

एकच माणूस आमच्या हिशेबातून सुटलं होतं. बेळगावची अक्काआत्या. नानांची सख्खी मोठी बहीण. दर भाऊबीजेला ती यायची. तिला आम्ही 'गाठीचं लहानसं ऑपरेशन झालंय, बरे आहेत' एवढंच सांगितलं होतं. आईने तिला फोन केला. "वन्सं, यंदा भाऊबीज नको. सुतक आहे."

"कोणाचं गं?"

आईची पंचाईत झाली. अक्काआत्याला आठल्यांची सात पिढ्यांची माणसं तोंडपाठ. तिच्यापुढे न जन्मलेला आठल्ये मारणं शक्य नव्हतं.

"आवाज येत नाहीये, वन्सं," आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. "अरे, वन्सं दिलेल्या घरच्या. माहेरच्या लांबच्या माणसाचं सुतक त्यांना नाहीच. त्या येतील!"

भाऊबीजेच्या सकाळी मी फाटकाशी अडकवलेल्या करंज्या काढत होतो. गल्लीच्या तोंडाशी अक्काआत्या दिसली. हातात पिशवी, काखेत छत्री. हळबेकाका पुढे होऊन तिला म्हणाले, "अक्का, जपून हं. नानांकडे सुतक आहे."

"तेच विचारायला आलेय. कोण गेलं?"

"जबलपूरचे कोणी. ढुंढिराज म्हणून."

अक्काआत्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तिच्यातून एक नारळ निघाला आणि गटाराकडे गडगडत गेला.

"ढुंढ्या रे!" ती ओरडली. मी तसा आवाज तिच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता. ती हळबेकाकांच्या कट्ट्यावर कोसळल्यासारखी बसली. "मला न सांगता गेला रे! मला कोणी सांगितलंही नाही!"

"अक्का, अक्का... जवळचे होते का?"

"माझ्या पाठचा भाऊ तो!"

"पाठचे नाना ना तुमचे?"

"तेच सांगतेय की मेल्या! ढुंढिराज म्हणजे नानाच!"

हळबेकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी करंज्यांकडे बघितलं.

तेवढ्यात ओसरीचं दार उघडलं. नाना बाहेर आले. तोंडाला मास्क, अंगात शाल, डोक्यावरची माकडटोपी घाईत राहिलेली. अक्काआत्याने डोळे पुसत त्यांच्याकडे बघितलं, आणि तिने त्यांना ओळखलं नाही.

"हा कोण?" तिने मला विचारलं.

"अक्का," नाना म्हणाले. "रडू नकोस. मीच आहे."

ती उठली. फाटकापाशी आली. त्या गुळगुळीत डोक्याकडे, भुवया नसलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तू मेला नाहीस?"

"अजून नाही."

आईने तिला ओसरीच्या पायरीशीच थांबवलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, मास्क बांधला, आणि नानांपासून लांब खुर्ची दिली. मग मी गाठीपासून सगळं सांगितलं. अक्काआत्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. हळबेकाका रस्त्यावर उभे होते, त्यांनाही ऐकू जात होतं. ग्वाल्हेरचे बाबूराव नव्हतेच हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे सगळं ठीक," अक्काआत्या शेवटी म्हणाली. "पण ढुंढिराज हे नाव तुम्हाला दिलं कोणी?"

"नानांनीच," मी म्हणालो.

"ते याचं पाळण्यातलं नाव. आमच्या आत्यानं कानात सांगितलं तेव्हा पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. शाळेत मी याला ढुंढ्या म्हणून चिडवलं, तर यानं माझी पाटी फोडली. तेव्हापासून आमच्या वडलांनी ते नाव घरात घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही ते."

आई नानांकडे वळली. "एवढा संसार झाला, मला नाही सांगितलंत?"

"ढुंढिराज हे काय बायकोला सांगायचं नाव आहे?"

"विषय बदलू नकोस," अक्काआत्या म्हणाली. "स्वतःचंच सुतक कशाला धरायला लावलंस रे?"

"नावं संपली होती."

"याला नावं कमी पडली?" तिने माझ्याकडे बोट केलं. "खोटं बोलतोयस."

नानांनी शाल सारखी केली. ते अंगणातल्या तुळशीकडे बघत होते. तिकडे उजेड होता.

"अक्का, आई म्हणायची ना आपली," ते हळूच म्हणाले. "खोटी बातमी उठली की..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आईच्या हातात तांदळाची वाटी होती, ती तिने खाली ठेवली.

"माझा काही विश्वास नाही हं त्याच्यावर," नाना घाईने म्हणाले.

"नाहीच," अक्काआत्या म्हणाली.

"म्हटलं, इतकी वर्षं लोकांना गोळ्या देतच होतो की. एखादी आपणही घेऊन बघावी."

मग अक्काआत्याने पदर खोचला. "निरांजन कुठाय गं?"

"वन्सं, सुतकात औक्षण..." आईच्या तोंडून सवयीने गेलं.

"कोणाचं सुतक? ज्याचं सुतक तोच समोर बसलाय. पाट घे."

नानांना पाटावर बसवलं. अक्काआत्याने मास्कवर डोळे तेवढे उघडे ठेवून, हात लांब करून तबक ओवाळलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ ओवाळलं. "ढुंढिराज," ती म्हणाली, "औक्षवंत हो." नानांनी या वेळी पाटी फोडली नाही. मान खाली घालून बसून राहिले. टक्कल असलं की माणसाचे कानही लाल झालेले दिसतात.

आई आत गेली. जरा वेळाने देवघरातून घंटा वाजली. रुमाल काढला होता. ती इतका वेळ आणि इतक्या जोरात वाजवत होती की गल्लीतल्या बायका दारात आल्या. सुतकातल्या घरात घंटा! रस्त्यावर हळबेकाकांनी चपला काढल्या आणि तिथूनच हात जोडले.

पुढच्या स्कॅनमध्ये छातीत काही नव्हतं. हे सांगताना चौगुले मॅडम सरळ नानांकडे बघत होत्या. तरी म्हणाल्या, "दोन वर्षं नीट गेली की मी सुटकेचा श्वास घेईन. तुम्ही आजपासून घ्या." नानांनी घरी येऊन सगळ्या गल्लीला बोलावलं आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. हळबेकाका पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. बाबूरावांसाठी म्हटलेला पंधरावा अध्याय त्यांनी जाहीरपणे परत घेतला आणि स्वतःच्या सासऱ्यांच्या नावे लावला. मग एका संध्याकाळी ते ओसरीवर आले. पेटी खाली आली होती. "स्वप्नं कसली पडतात, हळबे?" नानांनी विचारलं. "सतारीची," हळबेकाका म्हणाले, आणि दोघं हसले.

नाना पुढे बरीच वर्षं जगले. गाठ परत आली नाही. कोथिंबीर परत आली, आणि ते ती पोह्यांवर मूठमूठ घ्यायचे. अक्काआत्या त्यांच्या आधी गेली. नाना गेले ते एका दुपारी, खुर्चीत, वर्तमानपत्र मांडीवर असताना, हृदय थांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. रस्त्याच्या पलीकडे, स्वतःच्या कट्ट्यापाशी, काठी टेकत हळबेकाका उभे होते. खूप म्हातारे झाले होते. रस्ता ओलांडून ते फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले. फाटकाला हात लावला नाही.

"शिरीष," त्यांनी बाहेरून विचारलं, "या वेळी खरं ना रे?"

"खरं, काका."

"कोण... नानाच?"

"दोघंही."

आई दारात आली. तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, मग पुढे होऊन फाटकाची कडी काढली.

"आत या, भावोजी," ती म्हणाली. "आता कोणीही आलं तरी चालतं."